लक्ष्या हसवत होता, तेव्हा लक्ष्मीकांत काय करत होता?

तुमच्या फोनमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे असणारच. ग्रुपवर कुणी परीक्षेचं वेळापत्रक टाकलं की खाली डोळे विस्फारलेला एक स्टिकर येऊन पडतो, तो त्याचा. घरमालकाने भाडं वाढवल्याची बातमी आली की साडीतला एक घाबरलेला चेहरा येतो, तोही त्याचाच. हा माणूस १६ डिसेंबर २००४ रोजी, जेमतेम पन्नाशीत, मुंबईत गेला. त्याचे स्टिकर पाठवणाऱ्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांनी त्याला थिएटरात कधी पाहिलेलं नाही. आधी टीव्हीवरचा दुपारचा सिनेमा, मग यूट्यूबवरचे सीन, मग पंधरा सेकंदांची रील, असा उत्तरोत्तर आखूड होत तो त्यांच्यापर्यंत पोचला.

त्याच्याबद्दल आपण सगळेच एकेरीत बोलतो. मराठी पडद्यावरच्या माणसांना आपण नात्यात बसवतो. अशोक सराफ 'मामा' आहेत, निळू फुले 'निळूभाऊ', कोंडके तर 'दादा'च. लक्ष्मीकांत मात्र 'लक्ष्या'. मामा, भाऊ, दादा ही मोठ्यांची नाती. 'लक्ष्या' ही घरातल्या शेंडेफळाला मारलेली हाक. तिच्यात माया भरपूर आहे. पण शेंडेफळाची एक पंचाईत असते. घरात काही गंभीर बोलणं निघालं की त्याला सांगितलं जातं, तू गप रे.

त्याच्या कारकिर्दीबद्दल एक वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं: त्याने जन्मभर विनोदी कामं केली, 'एक होता विदूषक' हा एकच गंभीर सिनेमा केला, तो चालला नाही आणि तो पुन्हा विनोदाकडे वळला. माहिती ढोबळमानाने बरोबर आहे. पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे. विनोदी काम करताना नट आपला खरा अभिनय कपाटात ठेवतो आणि रडायचा सीन आला की बाहेर काढतो, असं ते गृहीत. लक्ष्मीकांतची वीस वर्षं नीट पाहिली तर ते टिकत नाही.

गिरगावातला मुलगा

लक्ष्मीकांतचा जन्म १९५४चा. तो वाढला मुंबईत, गिरगावात. परिस्थिती बेताची. लहानपणी घराला हातभार म्हणून त्याने लॉटरीची तिकिटं विकली. गणेशोत्सवातल्या नाटकांत तो पहिल्यांदा उभा राहिला, मग शाळा-कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांत बक्षिसं मिळवली. पुढे त्याला मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी लागली. संघाचं नाट्यगृह गिरगावातच, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नट होऊ बघणाऱ्या पोराला याहून चांगली नोकरी कुठली? विंगेत उभं राहून नाटक पाहणाऱ्याला कळतं, की कुठल्या वाक्यावर हशा येतो, तो किती वेळ टिकतो, आणि तो पुरता ओसरायच्या किती आधी पुढचं वाक्य टाकायचं. लक्ष्मीकांतच्या टायमिंगबद्दल आज आपण जे बोलतो, त्याची तालीम अशा रंगमंचाच्या आसपास झालेली आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुरुषोत्तम बेर्डे यांचं 'टुरटुर' रंगमंचावर आलं आणि लक्ष्मीकांतचं नाव झालं. विजय कदम, प्रशांत दामले ही तेव्हाची नवी पोरंही त्याच नाटकातली. नंतर 'शांतेचं कार्टं चालू आहे'सारख्या नाटकांनी त्याला मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीचा केला.

ही वर्षं मुंबईसाठी बरी नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा कधी गिरणीचा भोंगा ऐकू आला नाही. गिरगावापासून लालबाग-परळपर्यंतच्या चाळींत काम शोधणारी तरुण पोरं वाढत होती. त्या दशकातले मराठी विनोदी सिनेमे आज पुन्हा पाहताना एक गोष्ट लक्षात येते: त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी मिळवायचं आहे, आणि ते सरळ मार्गाने मिळत नाही. घर, नोकरी, बढती, पैसा, लग्नाला होकार. लक्ष्मीकांतची पडद्यावरची माणसं या रांगेत शेवटी उभी असतात. 'दे दणादण'मध्ये तो हवालदार आहे, 'हमाल दे धमाल'मध्ये हमाल, 'अशी ही बनवा बनवी'त खोली शोधणारा. त्याच्या पात्रांना साहेब कुणी म्हणत नाही.

एक भूमिका, तीन नट

सिनेमातलं त्याचं खरं आगमन १९८५चं, 'धूमधडाका'. बालकलाकार म्हणून पडद्यावर आलेल्या महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. त्याचं मूळ तामिळमध्ये आहे. १९६४ साली सी. व्ही. श्रीधर यांनी 'कादलिक्क नेरमिल्लै' केला, १९६६मध्ये त्यावरून हिंदीत 'प्यार किये जा' आला, आणि जवळजवळ वीस वर्षांनी तो मराठीत उतरला.

या तिन्ही सिनेमांत श्रीमंत बापाचा एक मुलगा आहे, ज्याच्या डोक्यात सिनेमा काढायचं खूळ शिरलेलं आहे. तामिळमध्ये हे काम केलं नागेश यांनी, हिंदीत मेहमूद यांनी, मराठीत लक्ष्मीकांतने. आपापल्या भाषेतले हे तिघं लाडके विनोदी नट. योगायोग असा, की तिघांच्याही कारकिर्दीत लोकांना हसवणाऱ्याला रडताना दाखवणारा एक सिनेमा आहे. पण तो कधी आणि कसा मिळाला, यात मोठा फरक आहे.

नागेश यांना तो त्याच वर्षी मिळाला. १९६४च्याच 'सर्व्हर सुंदरम'मध्ये ते हॉटेलातला वेटर झाले. हा वेटर पुढे सिनेमातला मोठा विनोदी नट होतो, पण ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे, ती त्याची होत नाही. कथा के. बालचंदर यांची, निर्मिती एव्हीएमची, म्हणजे मद्रासच्या सर्वांत बड्या स्टुडिओंपैकी एकाची. तामिळ प्रेक्षकांनी एकाच वर्षात एकाच नटाला पोट धरून हसत पाहिलं आणि डोळे पुसतही पाहिलं, आणि दोन्ही सिनेमे डोक्यावर घेतले. मेहमूद यांनी वाट पाहिली नाही. १९७४मध्ये 'कुंवारा बाप' त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला आणि पोलिओ झालेल्या मुलाला वाढवणाऱ्या रिक्षावाल्याचं काम स्वतःच केलं.

लक्ष्मीकांतला 'धूमधडाका'नंतर सात वर्षं थांबावं लागलं.

पात्राचं नाव काय? लक्ष्या!

या सात वर्षांत 'लक्ष्या' तयार झाला. कोठारे यांच्या सिनेमांत त्याच्या पात्राचं नाव बहुधा त्याचंच असायचं. 'दे दणादण'मध्ये लक्ष्मण, म्हणजे लक्ष्या. 'धडाकेबाज'मध्ये लक्ष्या. 'झपाटलेला'त लक्ष्या बोलके. प्रेक्षक तिकीट काढतानाच लक्ष्याला भेटायला जात. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम होती. पोस्टरवर चेहरा दिसला की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. नटाच्या दृष्टीने मात्र ती महागात पडणारी होती. तुमचं पात्र तुमच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं, की तुम्ही पडद्यावर काही 'करताय' हे लोकांना दिसेनासं होतं. त्यांना वाटतं, हा असाच आहे.

त्याच्याच पिढीच्या आसपासच्या दोन नटांशी तुलना केली की हे स्पष्ट होतं. अशोक सराफ यांनी विनोदी कामांच्या जोडीला खलनायकही रंगवले, आणि त्यांच्या पात्रांना स्वतःची नावं होती. धनंजय माने हे नाव आज अशोक सराफ यांच्याइतकंच प्रसिद्ध आहे, पण ते दोघे वेगळे आहेत हे लहान मुलालाही कळतं. १९९१च्या 'चौकट राजा'मधला त्यांचा गणा पाहताना धनंजय माने आठवत नाही. त्याच सिनेमातल्या नंदूचं काम दिलीप प्रभावळकर यांचं. टीव्हीवरच्या चिमणरावाने ते घराघरात पोचले होते. तिथून ते नंदू झाले, मग तात्या विंचू, आणि २००६मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त महात्मा गांधी. त्यांच्या बाबतीत वेषांतर हीच ओळख झाली होती. दर वेळी नवा माणूस बघायला मिळणार, असा प्रेक्षकांशी त्यांचा अलिखित करार होता. लक्ष्मीकांतचा करार नेमका उलटा होता: दर वेळी तोच लक्ष्या भेटायला हवा.

भीती खरी असायला लागते

आता प्रश्न असा, की हा 'तोच लक्ष्या' दिसायला इतका सोपा होता का?

'अशी ही बनवा बनवी' घ्या. १९८८, दिग्दर्शक सचिन, लेखक वसंत सबनीस, मूळ प्रेरणा हृषीकेश मुखर्जी यांचा १९६६चा 'बीवी और मकान'. पुण्यात खोली मिळत नाही, घरमालकीणबाईंना जोडपीच भाडेकरू हवी आहेत, म्हणून चार मित्रांपैकी दोघांना बायका व्हावं लागतं. सचिन सुधा होतो, लक्ष्मीकांत पार्वती. पुरुषाने साडी नेसणं मराठी प्रेक्षकाला नवं नव्हतं. तमाशात गण झाला की गवळण येते, आणि गवळणीत लुगडं नेसलेली पुरुष मावशी येते. मग बतावणी, मग वग. मावशी येते ती हसवायलाच. हे लिहिणारे सबनीस 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक होते आणि दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ची कथाही त्यांचीच. सोंगाड्याची परंपरा त्यांना आतून ठाऊक होती.

पण तमाशातल्या मावशीला कशाची भीती नसते. ती पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तीच तर गंमत. पार्वतीला भीती आहे. ती पुरुष आहे हे कळलं तर चौघे रस्त्यावर येतील. डोहाळजेवणाच्या गाण्यात लक्ष्मीकांतकडे बघा. भोवती बायका जमल्यात, त्याला सजवलंय, सगळे कौतुक करतायत, आणि तो त्या कौतुकाने लाजतोही आणि आतून हादरलेलाही आहे. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. त्याने नुसती साडीची थट्टा केली असती, तर ते गाणं दोन मिनिटांत विटलं असतं. ते आज तीन-साडेतीन दशकांनंतरही चालतं, कारण खोली जाण्याची भीती तो खरी मानून काम करतो. शहरात भाड्याने राहणाऱ्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

१९९३चा 'झपाटलेला' हा दुसरा पुरावा. हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वर बेतलेला हा सिनेमा. गुंड तात्या विंचू मरताना आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला येतो लक्ष्या बोलकेकडे. बाहुला केला रामदास पाध्ये यांनी, तात्या विंचू झाले दिलीप प्रभावळकर. नव्वदच्या दशकात लहान असलेल्या पिढीला विचारा, ती सांगेल की घरातल्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडायला लागायच्या. आज तो बाहुला पाहिला तर तो लाकडी चेहऱ्याचा, मर्यादित हालचाली करणारा बाहुलाच दिसतो. मग आपण घाबरलो कशाला? समोरचा नट घाबरला होता म्हणून. बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचं गुपित हेच असतं. समोरच्या माणसाने बाहुल्याला जिवंत मानलं, तरच प्रेक्षक त्याला जिवंत मानतो. बाहुला चालतो, बोलतो, खून करतो, हे लक्ष्या ओरडून सांगतो आणि कुणाला ते पटत नाही. आपलं खरं कुणी ऐकून घेत नाही, याची घालमेल तो दाखवत असतो. आपण मात्र त्याच्या किंचाळण्याला हसत असतो.

हिंदीत त्याला याहून कमी जागा मिळाली. 'मैंने प्यार किया'नंतर 'साजन', 'बेटा', 'हम आपके हैं कौन' असे मोठे सिनेमे आले, पण मराठीतला हा हुकमी नायक तिथे नायकाच्या घरचा गडी किंवा दोस्त झाला. हिंदी सिनेमात मराठी माणसासाठी जी ठरलेली खुर्ची होती, ती अशीच होती, बहुतेक वेळा बिनपाठीची. तरीही 'हम आपके हैं कौन'चा शेवट आठवा. नायक-नायिकेचं गुपित माहीत असलेला घरगडी लल्लू कृष्णाच्या मूर्तीसमोर रडत उभा राहतो, काहीतरी कर म्हणून विनवतो, आणि त्यानंतर टफी ती चिठ्ठी घेऊन जातो. तीन तासांच्या सिनेमाचं सगळं सुख या एका प्रार्थनेवर टांगलेलं आहे. ती खोटी वाटली असती तर कुत्र्याने चिठ्ठी पोचवणं हास्यास्पद ठरलं असतं. देशभरच्या थिएटरांत तेव्हा कुणी हसलं नाही.

आबुराव

आणि या सगळ्याच्या मध्ये, १९९२ साली, 'एक होता विदूषक'.

कागदावर या सिनेमाइतकं वजन क्वचितच कुठल्या मराठी सिनेमाला मिळालं असेल. दिग्दर्शक 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' करणारे डॉ. जब्बार पटेल. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. १९५३च्या 'गुळाचा गणपती'नंतर जवळपास चाळीस वर्षांनी पुलं सिनेमासाठी लिहीत होते. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं, निर्मिती एनएफडीसीची. मधू कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, वर्षा उसगांवकर असा ताफा. आणि मध्यभागी लक्ष्मीकांत.

आबुराव हा तमाशातल्या नाचणाऱ्या मंजुळेचा मुलगा. तो फडात सोंगाड्या होतो. लोक हसतात, नाव होतं, सिनेमावाले येतात, तो पडद्यावरचा स्टार होतो. मग राजकारणाच्या मंचावरही त्याच्या विनोदाचा भाव ठरतो. आणि एवढ्या लोकांना हसवणाऱ्या माणसापुढे शेवटी एक छोटी मुलगी उभी राहते, त्याची स्वतःची मुलगी, जी हसत नाही.

विदूषकाची शोकांतिका हा विषय जगात शिळा झालेला. राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' १९७०मध्ये येऊन आपटून गेला होता. हसवणारा आतून दुःखी असतो, एवढंच म्हणायचं असतं तर पुलंनी चार दशकांनी लेखणी उचलली नसती. त्यांना धरायचं होतं ते वेगळं. हसवण्याची ताकद ही सत्ता असते, आणि सत्ता असली की तिला विकत घेणारे येतात. तमाशातला सोंगाड्या वगात राजाला तोंडावर बोलू शकतो. तोच सोंगाड्या राजाच्या पंगतीला बसला की त्याचा विनोद कुणाची बाजू घेतो? आबुराव एकेक पायरी चढतो आणि दर पायरीवर त्याचं हसवणं थोडं थोडं दुसऱ्याच्या मालकीचं होत जातं. मुलगी हसत नाही, कारण तिला बापाकडून हवं असलेलं काही त्याच्याकडे शिल्लक उरलेलं नाही.

या कामासाठी 'मान्यवर' अभिनेता घेता आला असता. जब्बार पटेल यांनी लक्ष्मीकांतला घेतलं, आणि इथे त्या निवडीचा अर्थ उघडतो. आबुराव सिनेमातला स्टार होतो तेव्हा प्रेक्षकाला कल्पना करावी लागत नाही. स्टार समोरच आहे. ज्याच्या अंगविक्षेपांना आपण सात वर्षं हसत आलो, त्यालाच पडदा विचारतो आहे, की बाबा, तू कुणासाठी हसवतोस? तो प्रश्न आपल्यापर्यंतही येतो. आपण त्याच्याकडून काय विकत घेत होतो?

लक्ष्मीकांतने या भूमिकेत काही जादूने नवं आणलं नाही. तेच डोळे, तोच लवचीक आवाज, तीच अंगातली चपळाई. त्याने फक्त हशासाठी सोडायची जागा काढून टाकली. वाक्य संपतं, आपण सवयीने हसायला तोंड उघडतो, आणि तो थांबत नाही. त्यामुळे ते हसू घशातच राहतं. विनोदी नटच हे करू शकतो. हशाची जागा कुठे असते हे त्यालाच ठाऊक असतं, त्यामुळे ती नेमकी कुठून काढायची हेही.

चाळिसाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना मिळाला, आणि तमाशाच्या मातीतून आलेल्या बाईंना असा मान मिळणं ही मोठीच गोष्ट होती. तिकीटखिडकीवर मात्र सिनेमा चालला नाही.

का चालला नाही?

तमाशाचा विषय लोकांना नको होता, असं म्हणता येत नाही. २०१०च्या सुरुवातीला आलेला 'नटरंग' तमाशात नाच्या होणाऱ्या माणसाची गोष्ट सांगून तुफान चालला. दुःख लोकांना नको होतं, हे तर अजिबातच नाही. 'एक होता विदूषक'च्या आदल्याच वर्षी 'माहेरची साडी'ने मराठी थिएटरांत रुमाल भिजवले होते.

गोम बहुधा इथे होती: त्या काळच्या मराठी सिनेमाने कामाची वाटणी करून टाकली होती. हसवायचं काम अशोक-लक्ष्याकडे, रडवायचं काम अलका कुबल यांच्याकडे, आणि विचार करायला लावायचं काम जब्बार पटेल यांच्यासारख्यांकडे. तिघांचे प्रेक्षक वेगळे, थिएटरं वेगळी, जाहिरातीची भाषाही वेगळी. लक्ष्याचा प्रेक्षक पोस्टर पाहून गेला तर त्याला लक्ष्या भेटला नाही. जब्बार पटेल यांचा प्रेक्षक पोस्टरवर लक्ष्या पाहून बिचकला असणार. त्यात एनएफडीसीच्या सिनेमांची वितरणाची रड जुनीच. 'सर्व्हर सुंदरम'च्या मागे एव्हीएमसारखा धंदा जाणणारा स्टुडिओ होता, जो नागेश यांच्या विनोदी प्रेक्षकालाच त्या सिनेमाकडे घेऊन आला. मराठीत दोन प्रेक्षकांना जोडणारा तसा पूल कुणाकडे नव्हता.

या अपयशाची किंमत कुणी मोजली? जब्बार पटेल पुढे 'मुक्ता'कडे वळले, मग 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'कडे. पुलंचं पुलंपण सिनेमावर कधी अवलंबून नव्हतं. लक्ष्मीकांतला मात्र पुढच्या सोमवारी पुन्हा सेटवर जाऊन लक्ष्या व्हायचं होतं. तो झालाही, आणि 'झपाटलेला' देऊन गेला. नव्वदच्या उत्तरार्धात मराठी सिनेमाच आटत गेला. त्याच त्या गोष्टी, रोडावलेली थिएटरं, घरात आलेलं केबल. लक्ष्याच्या नावावर सिनेमे निघत राहिले, पण लक्ष्मीकांतसाठी कुणी लिहिलं नाही. आबुरावाच्या तोडीची दुसरी भूमिका त्याच्या वाट्याला आली नाही.

मग २००४ आलं. त्या वर्षी 'श्वास'ला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता. मराठी सिनेमात पुन्हा काहीतरी घडतंय अशी कुजबुज सुरू झाली. पुढच्या दशकात नट बघून लिहिलेल्या भूमिका आल्या, हसवणाऱ्यांना हसवण्यापलीकडची कामं मिळू लागली, आणि एकाच सिनेमात हसणं-रडणं दोन्ही चालतं हे प्रेक्षकांनीही मान्य केलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात लक्ष्मीकांत गेला. त्याच्या चाळिशीत जो मराठी सिनेमा हवा होता, तो त्याच्या मरणानंतर यायला लागला.

अशोक सराफ यांना पुढे महाराष्ट्र भूषण मिळाला, पद्मश्री मिळाली, आणि ते सगळ्यांना योग्यच वाटलं. माणूस ऐंशीच्या घरात पोचला की त्याच्या विनोदालाही वडीलधारेपण येतं, लोक उठून उभे राहतात. लक्ष्याला तेवढं वयच मिळालं नाही. तो आपल्याकडे कायमचा शेंडेफळ राहिला.

स्टिकर पाठवायला काही हरकत नाही. त्यात प्रेम आहे, आणि हसवणाऱ्याची आठवण हसूनच काढावी. पण एखाद्या रविवारी दोन सिनेमे एकापाठोपाठ पाहता आले तर पाहा, 'एक होता विदूषक' आणि 'झपाटलेला'. दोघांत एका वर्षाचं अंतर. एकाला राष्ट्रीय पुरस्कार, दुसऱ्याला पोराटोरांच्या शिट्ट्या. दोन्ही सिनेमांत लक्ष्मीकांतची आई झाल्यात मधू कांबीकर. एकीकडे फडातली मंजुळा, दुसरीकडे लक्ष्या बोलकेची साधीभोळी आई. या दोन आयांसमोर उभा असलेला मुलगा बघा. दोन्हीकडे तो जे सांगतोय ते त्याला पुरतं खरं वाटतंय. हसायचं की रडायचं, एवढंच त्याने दोन वेळा वेगवेगळं ठरवलेलं आहे.